मराठीच्या ट्रॅकला शनिवारचा पूर्ण दिवस द्या

प्रति,
नाशिकमध्ये येत्या जानेवारीत होणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर परिषदेची आयोजन समिती

मित्रमैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

तुम्ही परिषदेचं कच्चं वेळापत्रक सगळ्यांसमोर ठेवलंत आणि सूचना मागवल्यात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. अशा कार्यक्रमाला जायचं म्हणजे आजवर पुणे नाहीतर बंगळुरू गाठायचं, दोन-तीन दिवस दुकान बंद ठेवायचं, आणि तिथे पोचल्यावर ओळखीचा एखादा चेहरा शोधत फिरायचं. तेच सगळं आता आपल्या गावात होणार आहे. या बातमीचा आनंद अजून ताजा आहे आणि तुमच्या कष्टांची मला जाणीव आहे.

वेळापत्रकाची प्रिंट काढून मी पेन्सिल घेऊन बसले. दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे: रविवार, दुपारी अडीच ते पाच, छोटा हॉल, 'लिब्रेऑफिस आणि मराठी', सात टॉक्स, प्रत्येकी वीस मिनिटं. (लिब्रेऑफिस म्हणजे कागदपत्रं आणि तक्ते तयार करायचं मुक्त सॉफ्टवेअर.) सात विसे एकशे चाळीस. अडीच तासांतून ती वजा केली की सहा वेळा वक्ता बदलायला, लॅपटॉप जोडायला आणि सगळ्या प्रश्नोत्तरांना मिळून दहा मिनिटं उरतात. शिवाय रविवारी दुपारी बाहेरगावची मंडळी परतीच्या गाडीला लागलेली असतात. मुंबई-पुण्याचे लोक जेवण झालं की बॅग उचलतात, आणि सुरगाणा-पेठकडच्यांना एसटीची काळजी लागते.

माझी विनंती अशी आहे. हा ट्रॅक, म्हणजे एका विषयाच्या सत्रांची ही मालिका, शनिवारी घ्या, त्याला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा पूर्ण दिवस द्या, आणि टॉक्स सातवरून दोनवर आणा. उरलेला सगळा वेळ टेबलाभोवती बसून काम करण्यासाठी ठेवा. ट्रॅक चालवायची जबाबदारी मी घेते. हे का मागते, ते थोडं विस्ताराने सांगते.

जुन्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ), न्यायालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावर माझं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकिलांचे दावे आणि जबाब, कधी लग्नपत्रिका, कधी सोसायटीचे अहवाल. रात्री दुकान आवरलं की तासभर वेबलेट या अनुवादाच्या संकेतस्थळावर बसते आणि लिब्रेऑफिसचा मराठी अनुवाद करते. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर दिवसा माझं पोट चालतं, त्याच्याच खिडक्यांवरचे शब्द मी रात्री लिहिते. मला प्रोग्रामिंग येत नाही. तुमच्या ट्रॅकमध्ये माझ्यासारख्यांची जागा फक्त प्रेक्षकांत आहे, आणि तिथेच मला आपला मोठा तोटा दिसतो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. एका वकीलसाहेबांचे ज्युनिअर चाळीस पानांचा दावा पेन ड्राइव्हवर घेऊन आले. जमिनीचं प्रकरण, पक्षकार निफाड तालुक्यातले. कागद तीन ठिकाणी टाइप झालेला होता: काही पानं निफाडला, काही वकीलसाहेबांच्या ऑफिसात, काही माझ्याकडे. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द जिथे जिथे असेल तिथे 'वादींनी' करायचं होतं. मी 'शोधा आणि बदला' चालवलं, एकतीस ठिकाणी बदल झाल्याचं दिसलं, प्रिंट काढली, बाइंडिंग करून दिलं. दुसऱ्या दिवशी ज्युनिअर परत आले. नऊ ठिकाणी 'शेतकऱ्यांनी' तसाच राहिला होता. दाखल करायच्या खिडकीपाशी ते लक्षात आलं आणि त्यांचा दिवस वाया गेला. पानं डोळ्यांखालून घालणं माझं काम होतं, त्यामुळे चूक माझीच आणि मी ती कबूल केली. पण झालं कसं हे काही केल्या कळेना. दोन्ही शब्द कागदावर शेजारी ठेवले तर केसाचाही फरक दिसत नव्हता.

चार-पाच दिवसांनी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी प्रोजेक्टची झेरॉक्स काढायला आला. मशीन तापलं होतं, थांबावं लागणार होतं, म्हणून मी त्याला ती फाइल दाखवली. त्याने रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या मजकूर लिहायच्या भागात, त्या अक्षरामागे कर्सर ठेवला आणि ऑल्टसोबत एक्स दाबलं. अक्षर गेलं आणि त्याच्या जागी यूनिकोड क्रमांक, म्हणजे जगभरच्या संगणकांत त्या अक्षराला ठरलेला क्रमांक, उभा राहिला. मग एकेक अक्षर तसंच उलगडत गेला. 'ऱ्या'मधला तो अर्धा र, ज्याच्यामुळे 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द होतात, तो दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ऱ हा नुक्त्याचा स्वतंत्र वर्ण, त्याला हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं, त्यावर यातली कोणती रीत पडते ते ठरतं. डोळ्यांना दोन्ही एक, संगणकाला दोन वेगळे शब्द. आणि यूनिकोडचे जे नियम सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एक मानतात, त्या नियमांतही या दोघांना एक मानलेलं नाही.

त्या मुलाला असा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो हे ठाऊक नव्हतं. मला क्रमांक असे पाहता येतात हे ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं एका बाकावर पंधरा मिनिटं बसलो आणि जे मला कित्येक वर्षं छळत होतं त्याला नाव मिळालं. माझी सगळी मागणी त्या पंधरा मिनिटांवर उभी आहे. ज्याच्या हाताखाली रोज अडतं तो माणूस आणि ज्याला आत डोकावता येतं तो माणूस, दोघं एका टेबलावर, समोर खरी फाइल, आणि घाई नाही.

अशा जागा आणखी किती आहेत ते बघा. वकिलांच्या नावाआधीचं 'ॲड.' घ्या. ॲ हा स्वतंत्र वर्ण यूनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधी हात बसलेले लोक अ टाइप करून त्यावर चंद्र चढवतात. कुणाच्या कीबोर्डवरून ऍ निघतो, तो तिसराच. एकाच दाव्यात एकाच वकिलाचं नाव तीन तऱ्हांनी आलेलं मी पाहिलं आहे, आणि शोधताना एकच सापडतं.

याद्यांचं तर विचारूच नका. विकास सोसायटीच्या सभासदांची यादी आडनावांप्रमाणे लावून द्यायची असते. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. यूनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ बसला आहे ल च्या मागोमाग, व च्या आधी. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर यादी लावली की काळे आधी येतात आणि कावळे नंतर. शाळेत बाराखडी घोकलेला सचिव म्हणतो, 'ताई, ही यादी चुकली आहे.' तो बरोबर असतो. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या भागात, सॉर्टच्या पर्यायांत भाषा निवडायची सोय आहे. ती मराठी केल्यावर क्रम खरोखर आपल्या वर्णमालेचा लागतो का, क्ष आणि ज्ञ कुठे जाऊन बसतात, अनुस्वार असलेली आणि नसलेली आडनावं एकमेकांच्या शेजारी येतात का, हे दोन-चार हजार नावांच्या यादीवर बसून कुणी तपासलेलं मला माहीत नाही. गावोगावी अशा याद्या आहेत. तपासायला एक दुपार पुरेल.

ल आणि श यांच्या रूपांचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा थांबते. मराठी ल आणि हिंदी ल यांचं वळण वेगळं आहे, श चंही तसंच. राज्य सरकारने २००९ सालच्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाणीकरण केलं, तेव्हा ही रूपंही ठरवून दिली. यूनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल चा क्रमांक एकच. कोणतं रूप उमटायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्ट ते ठरवतो मजकुराला लावलेल्या भाषेवरून. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली आहेत, त्यात मजकुराची भाषा मराठी असेल तर मराठी ल उमटतो, हिंदी असेल तर हिंदी. लिब्रेऑफिसमध्ये ही भाषा लावायची जागा पर्यायांच्या खिडकीत आहे, आणि तिथे पाश्चिमात्य, आशियाई आणि संयुक्त लिपी अशा तीन वेगळ्या ओळी असतात. आपली देवनागरी तिसऱ्या ओळीत येते. नव्या माणसाला ते कसं कळावं? तो 'आशियाई' बघतो, भारत आशियातच आहे म्हणून तिथे मराठी शोधतो, आणि ती यादी असते चिनी, जपानी आणि कोरियनची. मग फॉन्टला दोष देतो, नाहीतर सॉफ्टवेअरला. माझ्याकडे टायपिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट मी पहिल्या दिवशी दाखवते. जिल्ह्यातल्या कितीतरी दुकानांत ती कुणीच दाखवलेली नाही.

शुद्धलेखन तपासनिसाबद्दल थोडंच लिहिते. लिब्रेऑफिस त्यासाठी हनस्पेल वापरतं. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झालं, कारण त्या भाषेत शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात. आपलंही तेच आहे: शेतकरी, शेतकऱ्याने, शेतकऱ्यांनाही, शेतकऱ्यांपैकी. म्हणजे यंत्र आपल्या कामाचं आहे, त्याला प्रत्ययांचे नियम नीट पुरवायचं काम बाकी आहे. त्यासाठी व्याकरण जाणणारं माणूस हवं, आणि ते आपल्या शहरात सापडेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे, १९८९ पासून. मराठीतून अभ्यासपुस्तकं लिहिणारी, तपासणारी, टाइप करणारी माणसं त्या निमित्ताने नाशकात आहेत. त्यांना आपण अजून विचारलेलंच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळीतल्या दुकानांमध्ये पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात एका पीडीएफमधला मराठी परिच्छेद कॉपी करून मी रायटरमध्ये चिकटवला, तर वेलांट्या अक्षरांपासून सुटलेल्या आणि रफार भलत्याच अक्षरावर गेलेले. पूर्ण पान पुन्हा टाइप केलं. भाषेचा अभिमान मला आहे, तुम्हालाही आहे. तो या टेबलांपर्यंत यावा इतकंच माझं म्हणणं आहे.

आता ट्रॅकच्या आखणीकडे येते. ब्रसेल्सला दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सुमारास फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भरते. तिच्यातली जी व्यवस्था मला सर्वांत आवडते ती डेव्हरूमची. मुख्य समिती खोल्या देते, आणि त्या खोलीत काय व्हावं हे त्या त्या प्रकल्पाचे स्वयंसेवक ठरवतात. वक्ते तेच निवडतात, वेळ तेच पाळतात, दारात उभंही तेच राहतात. समितीवरचा भार हलका होतो, आणि खोलीतला कार्यक्रम विषय जाणणाऱ्यांच्या हातात राहतो. आम्हालाही तशीच एक खोली द्या. दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झाली. मुख्य परिषदेच्या आधी आठवडाभर डेबकॅम्प असतो. त्यात जवळजवळ भाषणं नाहीत, लोक आपापली कामं घेऊन एकत्र बसतात. जगभर कोड लिहिणाऱ्यांना एकत्र बसण्याची गरज वाटते, तर आपल्याला ती नक्कीच आहे. आठवडा मागत नाही, एक दिवस मागते.

शनिवारच का, त्याचंही कारण आहे. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून शनिवारी बंद असतात, बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक, तहसील कार्यालयातले लिपिक, शाळांचे कारकून, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे, हे लोक शनिवारी येऊ शकतात. रविवार त्यांना घरासाठी लागतो. तुमची परिषद दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी आली तर फारच बरं.

सकाळी दहाला पहिला टॉक, पाऊण तासाचा, मराठीत: 'आपलं अक्षर संगणकात कसं राहतं'. तो ऐकताना प्रत्येकाच्या समोर मशीन असावं आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने ऑल्ट-एक्स दाबून आपलं नाव उलगडून बघावं. त्यानंतर लगेच टेबलं. दुसरा टॉक जेवणानंतर, अर्ध्या तासाचा: एखादी अडचण नोंदवली की ती बगझिलामध्ये, म्हणजे अडचणी नोंदवायच्या सार्वजनिक यादीत, कशी जाते, कोण बघतं, दुरुस्ती कशी तपासली जाते, आणि ती आपल्या संगणकावर कधी पोचते. हा टॉक ज्याचा एखादा तरी पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिब्रेऑफिसमध्ये स्वीकारला गेला आहे, अशा माणसाने द्यावा. नुसतं वाचून सांगणारा नको.

टेबलांची वाटणी मी विषयांवर करेन: शोध, याद्यांचा क्रम, फॉन्ट आणि छपाई, शुद्धलेखन. आणि एक टेबल अनुवादाचं, त्याबद्दल माझ्या मनात एक ठाम कल्पना आहे. एखाद्या ऑपरेटरला मराठी मेन्यू लावून बसवायचं आणि एक साधं काम द्यायचं, समजा पाच रकान्यांचा तक्ता असलेला अर्ज तयार करायचा. आम्ही अनुवादक मागे गप्प बसायचं, एक शब्दही बोलायचा नाही. तो कुठे थांबतो, कोणता शब्द दोनदा वाचतो, कुठे कंटाळून इंग्रजीवर जातो, ते लिहून घ्यायचं. मी स्वतः केलेले कित्येक शब्द माझ्याच दुकानातल्या मुली वापरत नाहीत. फाइलला त्या फाइल म्हणतात, मी कुठेतरी धारिका लिहिलेली असते. असे शब्द मला त्या टेबलावर बदलून घ्यायचे आहेत. घरी एकटीने बसून ते कळत नाही.

लोकांना बोलावण्याचा तुमचा फॉर्म बघितला. इंग्रजी, तीनशे शब्दांचा गोषवारा, वक्त्याचा फोटो, आधीच्या भाषणांचे दुवे. बाकी ट्रॅकना तो ठीक असेल. आमच्या ट्रॅकला मराठीत तीन प्रश्न पुरे आहेत: कोणतं काम करताना अडतं? त्याची फाइल आणाल का? दिवसभर बसू शकाल का? उत्तर फोनवर बोलून द्या, कागदावर लिहून द्या, दुकानात येऊन सांगा. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्यांत दिवसाला किती पावत्या, किती पत्रकं निघत असतील याचा विचार करा. ती काढणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, गोषवारा लिहिण्याची सवय नाही एवढंच.

आणि प्रवेशशुल्काबद्दल. परिषदेचा खर्च मला समजतो, पण या एका हॉलला शुल्क ठेवू नका. फॉसडेमला प्रवेश मोफत असतो, नावनोंदणीही लागत नाही. आपल्या गावाला तर हे दाखवायला ब्रसेल्सपर्यंत जायला नको. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते तेव्हा कुणी तिकीट विचारत नाही. भाजी घेऊन घरी निघालेला माणूस पिशवी शेजारी ठेवून बसतो आणि पूर्ण व्याख्यान ऐकून उठतो. नाशिककरांच्या अंगी ती सवय आहे, तिचा फायदा घेऊ या. जेवणाचे पैसे वेगळे घ्या, त्याला कुणाची हरकत नसेल. एक मात्र नक्की करा: या हॉलमधली वेळ प्रायोजकाला विकू नका. त्यांचा फलक लावा, आभार माना, माइक देऊ नका.

एक गोष्ट फार गांभीर्याने सांगायची आहे, कारण ती बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही. आपण लोकांना 'खऱ्या फायली आणा' म्हणणार. त्या फायलींत पक्षकारांची नावं, गट नंबर, आधार क्रमांक, घरातली भांडणं असतात. बगझिलाला जोडलेली फाइल जगातल्या कुणालाही उघडून बघता येते, आणि एकदा गेलेली फाइल परत येत नाही. म्हणून दारातच एक टेबल असेल. तिथे प्रत्येक फाइलमधला अडचणीचा तेवढाच भाग नव्या कोऱ्या फाइलमध्ये घ्यायचा, नावं-आकडे बदलायचे, फाइलच्या गुणधर्मांतलं नाव पुसायचं, आणि मगच ती आत जाणार. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर झाकण्याची सोय आहे, पण तिच्यातून पीडीएफ निघते, आणि आपली अडचण मूळ फाइलच्या पोटात असते. त्यामुळे हे काम हातानेच करावं लागेल. त्या टेबलावर मी स्वतः बसेन. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद सांभाळायची सवय मला आहे.

कोड लिहिणाऱ्यांकडून जे हवं ते आधीच ठरवावं लागेल. लिब्रेऑफिस मूळ कोडपासून तयार करायला साध्या लॅपटॉपवर कित्येक तास जातात. सकाळी येऊन सुरुवात केली तर दिवस त्यातच संपेल. म्हणून ज्यांना कोडमध्ये हात घालायचा आहे, त्यांनी आदल्या आठवड्यात घरीच तो तयार करून आणावा, आणि समितीने दोन दणकट मशीन हॉलमध्ये तयार ठेवावीत. कॉलेजच्या मुलांसाठी प्रकल्पाची 'ईझी हॅक' नावाची सोप्या कामांची यादी आहे. त्यातली पाच-सहा आधी निवडून ठेवू. असे हात मला निदान चार हवेत, आणि दोघांनी तरी याआधी पॅच पाठवलेला असावा. ते बंगळुरूचे किंवा कोचीचे असले आणि मराठी येत नसलं तरी चालेल. शेजारी बसून सांगायला माणूस देऊ. चर्चा मात्र मराठीतच राहील. ऑपरेटर आपली अडचण परक्या भाषेत सांगायला लागला की ती अर्धीच सांगितली जाते, हे मी काउंटरवर रोज बघते.

लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. जानेवारीत आपण जे शोधू ते फेब्रुवारीच्या आवृत्तीत जाणार नाही, तिचं काम तोवर जवळपास मिटलेलं असतं. आपली नजर ऑगस्टवर हवी. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे २०२७ साली, इथे सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. शहरात खोली मिळणार नाही आणि रस्ते बंद असतील. तेव्हा नव्या आवृत्तीवर आपल्या फायली पुन्हा उघडून बघायचा दिवस दिवाळीनंतरच ठेवावा लागेल. तो दिवस आत्ताच वेळापत्रकात लिहा, असा माझा आग्रह आहे. जानेवारीत टेबलावर बसलेल्या निफाडच्या परिचालकाला नोव्हेंबरमध्ये फोन करून सांगता आलं पाहिजे की तुमची ती नावांची यादी आता बरोबर लागते, किंवा अजून लागत नाही आणि काम इथवर आलं आहे.

तुमच्यातल्या एकाने मला विचारलं होतं की आता सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चाललं असताना ऑफिस सॉफ्टवेअरचा ट्रॅक ऐकायला कोण येणार. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देते. ती यंत्रं मराठी शिकतात आपण टाइप केलेल्या मजकुरावरून. तोच शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला असेल, पीडीएफमधून वेलांट्या सुटून येत असतील, तर त्यांनाही तेच मिळणार. आणि ज्याच्या हातात उद्या सकाळी चाळीस पानांचा दावा आहे, त्याला शोधलेला शब्द सापडायला हवा. असा माणूस नक्की येईल. मी त्याला घेऊन येईन.

दक्षिणेतल्या केरळकडे बघावंसं वाटतं. 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या गटाच्या लोकांनी फॉन्ट, कीबोर्ड, शुद्धलेखन अशी कामं वर्षानुवर्षं एकत्र बसून केली, आणि तिथल्या सरकारी शाळांत मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. आपल्याकडे एकेकटी माणसं खूप काम करून गेली, आजही करत आहेत. भेटायला ठरलेली जागा नाही, ठरलेला दिवस नाही. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. लिब्रेऑफिस ज्या ओडीएफ स्वरूपात फाइल जतन करतं, त्याला २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कागदावरचं सगळं आपल्या बाजूने आहे.

माझ्याकडून मी हे देऊ शकते: दुकानातले दोन प्रिंटर आणि कागद, एक स्कॅनर, माझ्याकडे शिकून गेलेल्या सहा मुली ज्या दिवसभर टेबलांवर नोंदी घेतील, आणि सटाणा, कळवण, येवला, सिन्नर इथल्या टायपिंगवाल्यांचे ओळखीचे फोन. तुमच्याकडून हवा आहे प्रत्येक टेबलापाशी प्लग असलेला हॉल, टिकणारं इंटरनेट, आणि सहा वाजेपर्यंत कुणी येऊन दिवे बंद करणार नाही एवढी खात्री. चित्रीकरण दोन्ही टॉक्सचं करा. टेबलांचं नको, लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत.

गुरुवारी तुमची बैठक आहे असं कळलं. मी साडेसातला दुकान बंद करून येते. सोबत अकरा फायली आणते, नावं बदललेल्या. त्यातली पहिली तीच, निफाडची. ती आधी उघडू आणि 'शेतकऱ्यांनी' शोधून बघू. शनिवारचा मोठ्या हॉलशेजारचा हॉल अजून कुणाला दिला नसेल, तर बैठक होईपर्यंत कृपया देऊ नका.

आपली,
एक टंकलेखक आणि अनुवादक
जुना सीबीएस परिसर, नाशिक